सुजाताचं "सरी"

गुरुवार, संध्याकाळ. पीण्या.

विज्ञानाच्या बाईंनी आज दोघींच्या पवनचक्क्या पाहून एकच सांगितलं, "पाती पुन्हा करा." आमची तन्वी "का मिस?" म्हणून त्यांच्या मागेच लागली, सगळं समजून घेऊन आली. तिची मैत्रीण सुजाता "सरी मिस" म्हणून जागेवर बसली. आता म्हणते, प्रदर्शनात भागच घेत नाही. बाईंना चक्की आवडलीच नाही म्हणे!

तिचं ते कन्नड "सरी" म्हणजे नुसतं "बरं" नव्हे. माझ्या कानाला ओळखीचं आहे. तिचे वडील मारुतीअण्णा माझ्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. जॉब नापास होऊन परत आला की तेही खाली बघून असंच "सरी सर" म्हणतात. कामगार होतो तेव्हा मीही म्हणायचो. तन्वीला कुठून कळणार? तिचा बापच मालक!

घरी दोघींना डोसे वाढले आणि म्हटलं, "सुजाता, समज मी बाई. पाती पुन्हा कर."

"सरी काका."

"अगं, का म्हण ना!" तन्वीनं कपाळाला हात लावला.

पुन्हा सरी. पुन्हा सरी. मग ताटात बघत, अगदी हळू, "का?"

"शाब्बास! उद्या हेच बाईंना विचारायचं."

मान हलवली खरी, पण विचारेल का? धाकधूक होतीच. निघताना म्हटलं, "थांब, चक्की इथेच ठेवून जा."

"का?" एकदम ताठ. "उद्या मिसना दाखवायचीय."

आता हे "का" घरी अण्णांनी उचललं, तर वर्कशॉपमध्ये माझं काही खरं नाही. उचलू देत.