ही पर्स कुणाची?

४ मार्च
दिली बाई एकदाची! सासूबाईंनी स्वतःची तपकिरी पर्स आणून माझ्या टेबलावर आपटली. "घे. बघू तरी, दिवसभर काय दिवे लावतेस ते."

पोस्टाच्या खिडकीमागे बसून त्यांनी नोकरी केली, तेव्हापासूनची ही पर्स. कोपरे झिजलेत, अस्तर फाटलंय, खटका सैल, आत बुरशीचा वास. मी घरी जुन्या चामडी पर्स दुरुस्त करते, तर त्यांच्या लेखी ते "लोकांच्या घामट पिशव्या पुसणं". गिऱ्हाइकं नावाजतात, घरातून मात्र चकार शब्द नाही. ठीक आहे. "छान" म्हणायला लावते की नाही बघा!

५ मार्च
व्हिनेगरच्या पाण्याने बुरशी पुसली. मग साबणाचा नुसता फेस घेऊन मऊ ब्रशने, हलक्या हाताने. फडकं काळंकुट्ट झालं. आकार राहावा म्हणून आत रद्दीचे बोळे कोंबले आणि सावलीत ठेवली.

सासूबाई डोकावल्या. "ही कुणाची गं?"

टोमणा! स्वतःच आणून द्यायची आणि वर ही कुणाची! "तुमचीच की, आई," म्हटलं. "हं," म्हणाल्या आणि गेल्या.

६ मार्च
पर्स उन्हात!! गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या शेजारी, आ वासून पडलेली. बोळे बाहेर काढलेले, एकेक कागद सरळ करून त्यांची नीट घडी घातलेली. ओलं चामडं उन्हात ठेवलं की तडकतं. तडकलंच — झाकणावर भेगाच भेगा.

"आई, हे काय केलंत?"

"कुणीतरी ओली ठेवली होती. कुजली असती."

कुणीतरी! नवऱ्याला सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "वय झालंय तिचं. दुर्लक्ष कर." दुर्लक्ष कर म्हणायला याचं काय जातं!

९ मार्च
भेगांत लेप भरला, घासला, परत भरला. रंग जुळवता जुळवता दुपार गेली. तपकिरी म्हणे एक रंग असतो! झाकणाचा वेगळा, तळाचा वेगळा, आणि जिथे त्यांचा अंगठा टेकायचा तिथला तर तिसराच. तो तिसरा मी तसाच ठेवलाय. तिथे हात लावावासा वाटला नाही.

सासूबाईंचं येता-जाता "ही कुणाची?" चालूच. सांगून सांगून दमले. पालथ्या घड्यावर पाणी.

१० मार्च
डोक्याचं तेल! अख्ख्या पर्सवर! हातात बाटली घेऊन चोळत बसल्या होत्या. लेप, रंग, सगळं मुसळ केरात.

ओरडलेच मी. "मुद्दाम करता तुम्ही! माझं कौतुक करावं लागेल ना, म्हणून!" त्या तेलकट हात एकमेकांवर चोळत माझ्याकडे बघत राहिल्या. या बाईकडे उत्तर नाही, हे मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगायचं तर गार गार वाटलं.

११ मार्च
पर्सवर कॉर्नफ्लॉवर थापून ठेवलंय. शोष बाबा तेल. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

१३ मार्च
दाताची डॉक्टरीण तिची लाल पर्स न्यायला आली. उलटून-पालटून बघितली, तोंड भरून कौतुक केलं, तिच्या गेलेल्या आईची पर्स परत मिळाली म्हणून डोळे पुसले. सासूबाई शेजारीच बसून ऐकत होत्या. म्हटलं, आता तरी!

ती गेल्यावर म्हणाल्या, "कोण होती गं ती? बोलते छान."

छान म्हणाल्या! पण कुणाला? तिला!

१६ मार्च
झाली. जुन्याच भोकांतून दोरा ओवून शिवण घातली, निळं अस्तर लावलं, खटका आता टक्कन बसतो. भेगा शोधून दाखवाव्यात कुणी. माझीच नजर लागायची. आज दिवसभर कपाटात कुलपात ठेवलीय — हो, कुलपात! स्वतःच्या घरात ही वेळ.

उद्या देते. बघू आता काय खोड काढतात.

१७ मार्च
सकाळी सासूबाई बाहेर जायचे कपडे करून आल्या आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसल्या. मी पर्स पुढे केली. त्यांनी खटका उघडला, मिटला, परत उघडला. त्यांचा अंगठा आपसूक त्या जागेवर टेकला.

"छान केलीत हो," म्हणाल्या.

केलीत. मला त्या कायम अगं-तूगं करतात.

"माझी सूनही करते ही कामं. तिचा हात तर तुमच्याहून चांगला आहे, राग मानू नका. तिला कधी म्हणत नाही मी. डोक्यावर बसेल." आणि हसल्या. मग पर्स हळूच माझ्याकडे सरकवली. "पण बाई, ही कुणाची?"

टोमणा नव्हता. एकदाही नव्हता.