मिनिटाला तीस थेंब

प्रिय रुइ-फेन,

हे तुला तोंडानं सांगायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा आपण नूडल्स खाऊन उठलो. म्हणून लिहितेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय असं तू म्हणतेस, तर सावकाश वाच. पण मधे उठू नकोस.

आधी कुओ बाईंचा तो वर्ग आठव. पंधरा वर्षांच्या आपण, नुकत्याच घर सोडून नर्सिंगला आलेल्या, आणि समोर स्टँडला टांगलेल्या नळाच्या पाण्याच्या बाटल्या. पाण्यात लाल शाई, खाली बादली. एक डोळा डबीत पडणाऱ्या थेंबावर, दुसरा घड्याळाच्या सेकंदकाट्यावर आणि अंगठा नळीवरच्या चाकीवर, जरा पुढे, जरा मागे. गणित तरी काय होतं? किती मिली द्यायचंय, गुणिले एका मिलीचे किती थेंब, भागिले मिनिटं. पण तू दर वेळी तासांची मिनिटं करायला विसरायचीस. पाचशे मिली, वीस थेंबांचा सेट, पाच तास, आणि फळ्यावर तुझं उत्तर : मिनिटाला दोन हजार थेंब! बाई चष्मा काढून म्हणाल्या, "रुइ-फेन, हे सलाईन आहे का बंबवाल्यांचा पाईप? गेला तुझा पेशंट. आता त्याच्या बायकोला काय सांगशील?" आणि तू उभी राहून, अगदी गंभीर तोंडानं, "बाई, तहान भागवून गेला असं सांगेन." बाईंनी तुला बाहेर काढलं आणि स्वतः फळ्याकडे तोंड करून हसत राहिल्या. मी पाहिलंय. तुला फक्त साठाचा सेट आवडायचा. बारीक थेंब, साठ थेंबांचा एक मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. भागाकारच नाही. "देवानं हा आळशी लोकांसाठी बनवलाय," म्हणायचीस. बाबांना लावला होता तो साठाचाच.

बाबांना तू ओळखतेस. होस्टेलवर सुकवलेल्या उडत्या माशांची पेटी पाठवायचे आणि त्या वासावरून वॉर्डनबाई आपल्याला फैलावर घ्यायच्या, तेच ते. एकदा बोटीवरून फोन करून मला म्हणाले, "काय गं, सलाईन शिकतेस म्हणे? मग सांग, हा अख्खा समुद्र एका नळीतून सोडला तर किती दिवस लागतील?" मी म्हटलं, "सेट कुठला ते आधी सांगा." एवढे हसले की जाळं ओढणाऱ्यांनी शिव्या घातल्या त्यांना. पण एका गोष्टीवर ते कधी हसायचे नाहीत. आजोबा समुद्रात गेले. दोन दिवसांनी मिळाले. घराबाहेर मरण आलेल्या माणसाला आमच्या गावात उंबरठ्याच्या आत घेत नाहीत, म्हणून आजोबांना स्वतःच्या दारासमोर ताडपत्रीखाली ठेवलं होतं आणि बाबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, ताडपत्री उडू नये म्हणून टोक धरून बसले होते. ते मला सांगायचे, "बाकी काही करू नका. मला ताडपत्रीखाली ठेवू नका. मी आत जाणार, देवांसमोर, आणि मग मरणार." जेवताना सांगायचे. आई म्हणायची, "आधी भात संपवा, मग मरा."

लिव्हरनं दगा दिला तो त्या पावसात. तुला हे माहितीये, तू डबे आणत होतीस. पण शेवटची सकाळ तुला माहीत नाही. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये आले आणि आईशी न बोलता माझ्याशी बोलायला लागले, माझ्या अंगात गणवेश होता म्हणून. म्हणाले, घरी न्यायचं असेल तर आजच. आई मधे शिरली. "श्वास असताना पोचतील का, एवढंच सांगा." ते म्हणाले, बीपीचं औषध चालू राहिलं तर पोचावेत. औषध मोजून सोडणारा पंप हॉस्पिटलबाहेर न्यायची परवानगी नव्हती. औषधाची एकच पिशवी. तिच्यात नव्वद मिली, मिनिटाला तीस थेंब, म्हणजे तीन तास. आमचं गाव, चांगबिन, दोन तासांवर. मी तिथंच उभ्या उभ्या आईला म्हटलं, "पुरेल." आईनं माझा हात इतका दाबला की आपल्या पाच वर्षांच्या फीचं सार्थक त्या एका शब्दात झालं असं मला वाटलं. खरंच वाटलं.

अँब्युलन्समध्ये लिआओ ताई आल्या, आयसीयूतल्या, त्या जाड मनगटाच्या. अननस खाल्ला की पेशंटांची रीघ लागते म्हणतात, त्याची वडी वॉर्डात खाल्लीस म्हणून तुला "आता रात्रभर पेशंट येणार, तू एकटीच सांभाळ" असं झापणाऱ्या. बाबांच्या नळीला जोडलेला श्वासाचा फुगा दाबायचा म्हणजे त्यांचे दोन्ही हात अडकलेले. मला म्हणाल्या, "तू आज मुलगी आहेस का नर्स?" मी म्हटलं, "दोन्ही." "दोन्ही नाही जमत गं. मला हात कमी पडतायत. तू नर्स हो." मग मी पिशवीखाली बसले. मॉनिटरचा आवाज आईनं बंद करायला लावला होता, ती पिंकपिंक तिला ऐकवत नव्हती, आणि त्याचं तोंड ताईंकडे वळवलेलं होतं. मोठे काका पुढे ड्रायव्हरशेजारी. आई बाबांचा हात धरून.

आणि रस्ता. तुला वर्गात कुणी सांगितलं होतं का, की हलत्या गाडीत थेंब टिकत नाही म्हणून? मला नाही. खड्डा आला की थेंब दोन-दोन पडायचे, वळण आलं की अडायचे, बाबांचा कोपर जरा वळला की बंदच. मी चाकीवरचा अंगठा एकदाही काढला नाही. पंधरा सेकंद मोजायचे, चारनं गुणायचं, चाकी जरा पुढे, परत मोजायचे. आणि माझ्या मागे आईचा आवाज. पूल आला की, "अहो, पूल आला हं. माझ्या मागे मागे या." बोगदा आला की, "अहो, अंधार आहे, घाबरू नका, बाहेर निघतोच आपण." आमच्याकडे घरी नेताना सगळेच अशी हाक मारतात, जीव मागे राहू नये म्हणून. त्या रस्त्यावर किती पूल आहेत तुला कल्पना नाही. लहान, ओढ्यावरचे, मला कधी पूल वाटलेही नव्हते असे. आईनं एकही सोडला नाही.

चीची गावाच्या पुढे गाडी थांबली. डोंगर खाली आला होता. एक पिवळ्या हेल्मेटवाला झेंडा धरून उभा आणि समोर जेसीबी. मोठे काका उतरून ओरडले, "ए, अँब्युलन्स दिसत नाही का? भोंगा काय लग्नाचा वाटला तुला?" तो म्हणाला, "काका, भोंग्यानं दगड थांबत असते तर मी घरी झोपलो असतो." काका म्हणाले, "आत माझा धाकटा भाऊ आहे. त्याला घरी न्यायचंय." त्यानं हेल्मेट काढलं, काचेतून आत पाहिलं आणि पळत जेसीबीकडे गेला. पिशवीत साठ उरलं होतं. वाटेचा अजून एक तास आणि वर काही. इथं तास गेला तर संपणार, उंबरठ्याच्या अलीकडे संपणार. आईनं विचारलं, "पुरेल ना?" मी ताईंना हळूच म्हटलं, "वीसवर आणू का? वीसवर आणलं तर तीन तास जाईल." फुगा दाबता दाबता ताई म्हणाल्या, "चाकीला हात लावायचा नाही. बीपी पडलं तर पिशवी पुरवून काय करशील? लोणचं घालशील?" मग मी नुसती बसले. चाळीस मिनिटं. गाडी उभी होती त्यामुळे थेंब अगदी सुरेख पडत होते, वर्गात पडायचे तसे. वीस मिली तिथंच गेलं. उरलं चाळीस. मग त्या हेल्मेटवाल्यानं सगळ्या गाड्या अडवून आम्हाला एकट्यांना सोडलं. काका त्याला आजही नवीन वर्षाला संत्री पाठवतात.

पुढचं मला आठवत नाही, कारण पुढे मी मोजण्याखेरीज काही केलंच नाही. थेंब वर फुगतो, लोंबतो, क्षणभर त्याला आपलं मन बदलावंसं वाटतं, मग पडतो. चांगहोंगचा मोठा पूल गेला, आईची हाक ऐकली, एवढं आठवतं. ताई मधेच म्हणाल्या, "पोरी, जरा इकडे बघ." मी म्हटलं, "ताई, एक मिनिट, मोजणं चुकेल." त्यांनी परत म्हटलं नाही. घराशी पोचलो तेव्हा पिशवीत दहा मिली उरलं होतं. दहा! काका दारात उभं राहून ओरडले, "छुआन, घर आलं रे, आत चल." चौघांनी बाबांना आत घेतलं, देवांसमोर फळीवर ठेवलं. मी पिशवी उंच धरून बाजूनं चालत होते. ताई फुगा दाबत होत्या. मग त्यांनी फुगा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ सांगितली. सगळे गुडघ्यांवर बसले. तूही अंत्यविधीला आलीस आणि सगळ्यांनी तुला तेच सांगितलं ना, नशीबवान माणूस, घरी येऊन गेला. मीही सांगितलं. मला अभिमान होता गं. कुओ बाईंना सांगावंसं वाटत होतं, बाई, बरोबर आलं.

बाबांच्या सातव्या आठवड्याच्या पूजेसाठी आई आणि मी, गेलेल्यांसाठी जाळतात ती कागदाची कमळं वळत बसलो होतो तेव्हा मी तिलाही म्हटलं. "आई, दहा मिली उरलं होतं. माझं गणित बरोबर आलं." आई कमळाची पाकळी दुमडत म्हणाली, "आलं की. पण ते फंगबिनच्या पुलाआधीच, चांगहोंगच्याही कितीतरी अलीकडे, गेले होते गं." अशी म्हणाली, जसं काही भात झालाय सांगावं. हातातला बाबांचा हात वेगळाच लागला, तिला कळलं. ताईंनी मॉनिटर बघितला, आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे डोळ्यानं दाखवलं आणि नको म्हणून मान हलवली. ताई फुगा दाबत राहिल्या. म्हणजे मला बघायला सांगितलं तेव्हा बाबा नव्हतेच. मी म्हटलं, "मग पुढच्या पुलांवर तू कुणाला हाका मारत होतीस?" ती म्हणाली, "त्यांनाच. पूल तर त्यांनाही ओलांडायचेच होते ना. एकटे कसे आले असते?" मी विचारलं, "आणि मला का नाही सांगितलंस?" आईनं हातातलं कमळ पुरं केलं. मग म्हणाली, "तू मोजत होतीस. मला वाटलं, ती मोजतेय तोवर तिच्यापुरते आहेत. राहू देत तेवढा वेळ."

मी आईवर रागावले नाही. ताईंवरही नाही. बाबा आत गेले, ताडपत्रीखाली नाही, आणि ते त्या दोघींनी मिळून केलं. पण रुइ-फेन, मी डोळे मिटून बाबांचं तोंड आठवायला गेले की माझ्यासमोर तो थेंब येतो. फुगलेला, लोंबणारा. बोटीवरचं तोंड आठवतं, फोटोतलं आठवतं. त्या दिवसाचं नाही. दाढी वाढली होती का, डोळे थोडे उघडे होते का, काही नाही. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी पूर्ण वाट बसले होते. आणि औषध शेवटपर्यंत आत जात राहिलं, मिनिटाला तीस. त्या नळीला कुठं काय कळतं.

आज सकाळी तुझा मेसेज आला. "पिशवीत एकशे वीस, मिनिटाला चाळीस थेंब, साठाचा सेट. किती वेळ पुरेल? मला सुचत नाहीये." वर नाही, खाली नाही, एवढंच. तुझी आई आजारी आहे हे मला ठाऊक होतं, घरी न्यायची वेळ आलीय हे या तीन आकड्यांवरून कळलं. उत्तर तीन तास. तुमच्या गावापर्यंत, फूलीपर्यंत, दोन, रस्ता मोकळा आहे, मी विचारून घेतलं. पुरेल. पण हे मी फोनवर कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू "थँक्यू" लिहून स्वतः पिशवीखाली जाऊन बसली असतीस. पहिल्या गाडीनं निघाले. आता मी खाली आहे, तुमच्या हॉस्पिटलच्या दुकानातल्या बाकावर, समोर चहात उकडलेली दोन अंडी, तुझ्यासाठी, तू सकाळपासून काही खाल्लं नसणार. तुझ्या आईच्या वॉर्डातल्या नर्सताईंशी बोलले, त्या म्हणाल्या, गाडीत अजून एक हात हवाच आहे. हे पत्र तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत तुझ्या आईच्या नळ्या तपासून घेईन. मग तू तिच्या उशाशी बस. तिचा हात धर, तिच्या भुवया बघ, ओठ बघ, कानाची पाळी बघ. ती असेल तोवर तिच्याकडे बघ, आणि जाईल तेव्हाही तूच बघ, ते तुला नंतर कमळं वळताना दुसऱ्या कुणी सांगायला नको. वर बघू नकोस. वर मी आहे.

तुझीच,
यू-शिन