सख्खी मावशी

घनसावंगी
दि. ८ एप्रिल १९९८

ती. सत्यशीलाअक्कास विमलचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. शाळेचे पेपर तपासणं चाललंय, अजून एक गठ्ठा बाकी आहे. ऊन बिलकुल सोसवत नाही, म्हणून छत्री घेऊन जाते. मुलं हसतात. हसू देत. भावजींचा गुडघा कसा आहे?

माझ्या चेहऱ्याला पुष्कळ उतार आहे. गालांवरचं पुरळ गेलं. लाली उरली, ती उन्हात आणि चुलीपाशी चढते. तिखट कमी केलंय, चहा निववून पिते, डॉक्टरांनी दिलेली जेल नेमाने लावते. हे मुळातून जात नाही, पण सांभाळलं तर आटोक्यात राहतं, असं ते म्हणाले होते. तुला आठवत असेल, तू शेजारीच होतीस. दुकानातून आणलेल्या गोरं करायच्या ट्यूबने माझ्या कातडीची आग उठली, तेव्हा तूच मला रिक्षात घालून त्यांच्याकडे नेलंस. रोझेशिया हे नाव आपण दोघींनी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. "हा महारोग नाही, कुणाला लागत नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि तू माझ्याआधी रडलीस.

होळीच्या सुट्टीत मी केदारखेड्याला बेबीनंदाच्या सासरी जाऊन आले. अक्का, तुझ्या लेकीचे गाल मी उजेडात नेऊन पाहिले. तसेच लाल, तसंच बारीक पुरळ. "काय लावतेस गं?" विचारलं, तर तिने पेटीतून ट्यूब काढली. तीच.

"आईनं दिली," म्हणाली. "कुणाला दाखवू नको म्हणाली."

ती ट्यूब पुन्हा तोंडाला लावायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तू ऐकलं होतंस ना?

मागच्या शनिवारी मी बेबीला जालन्याला त्याच डॉक्टरांकडे बोलावलं. सोबत तिच्या सासूबाई गोजरबाई आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का?" बेबी खाली मान घालून बसली. मी म्हणाले, "मला आहे. मी हिची सख्खी मावशी."

गोजरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "पण तुम्ही तर सावत्र ना? पोरगी बघायला आल्तो तवा विहीणबाईच म्हणाल्या. तिची आई येगळी, तिच्या तोंडाचं आमच्या रक्तात न्हाई."

तो दिवस मला चांगला आठवतो. सकाळपासून मी तुझ्या स्वयंपाकघरात भजी तळत होते. पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा तोंड पेटल्यासारखं लाल झालं होतं. तू लगेच उठलीस, "जा, आत जरा पड," म्हणालीस. मला ती माया वाटली.

बेबीला हे खोटं ठाऊक होतं. "आईनं शपथ घातली होती, मावशी," म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी गोजरबाईंना सगळं समजावून सांगितलं. औषधाची पिशवी गोजरबाईंनीच हातात घेतली. बसस्टँडवर मला म्हणाल्या, "गाल लाल झाले म्हणून सून कोण टाकतं? मंग खोटं कशाला बोलल्या?"

माझं तोंड लपवलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. लोक कसे बघतात, ते मी रोज पाहते. पण अक्का, तू आपल्या आईवर सवत आणलीस. आपल्या वडिलांचं, अण्णांचं दुसरं लग्न लावलंस. दोघंही आता विचारायला येणार नाहीत, हे तुला बराबर माहीत होतं.

अक्षय्य तृतीयेला गोजरबाई तुझ्याकडे येणार आहेत. काय सांगायचं ते तू ठरव. मी खरं बोलून बसले आहे, ते मागे घेणार नाही. बेबीला ती ट्यूब पुन्हा देऊ नकोस, एवढं तरी ऐक.

शेवटी 'तुझी' लिहायला घेतलं होतं. लिहवत नाही.

विमल