कॉल्टन भारी की वेदरबी

मी, हॉलिस एम्ब्री प्रुएट, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा केस कापण्याचा (आता बंद), राहणार ११, वॉटर ओक रस्ता, कॉल्टन, अलाबामा, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. पुढचा उन्हाळा मी पाहीन असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही विचारले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. माझ्याकडून काही मिळेल म्हणून गोड बोलायला येईल असे माणूस या गावात आता उरलेले नाही. १९९९ साली वकिलाकडून करून घेतलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी कॉलेजला देणगी ठेवली होती. ते कॉलेज आता नाही.

एक. कॉलेजच्या मुख्य फाटकासमोरचे माझे दुकान, आतल्या तीन खुर्च्या व आरशांसह, गावच्या नगर मंडळाला द्यावे. त्यांना ते नको आहे हे मला ठाऊक आहे. त्याच रांगेतली सात दुकाने त्यांच्याकडे आधीच पडून आहेत. पण द्यायला दुसरे कोणी नाही.

१९७४ साली मी ते उघडले तेव्हा फुटबॉल सामन्याच्या शनिवारी सकाळी सहापासून माणसे बाकावर नंबर लावून बसत. साडेदहाला कॉलेजचा बँड दुकानावरून मैदानाकडे जाई, आणि अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईकसुद्धा गळ्यातले फडके सावरत दारात येऊन उभे राही. गल्लोगल्ली मांस भाजण्याचा धूर. परगावचा पाहुणा दुसऱ्या संघाची टोपी घालून आला तरी उपाशी गेला असे कधी झाले नाही. कोणीतरी त्याला ओढून आपल्या टेबलाशी बसवी, पोटभर खायला घाली, आणि मग त्याच्या संघाला मनसोक्त शिव्या देई.

२०१० साली कॉलेजने संघ मोडला. २०१४ साली कॉलेजच बंद पडले. मुले येत नाहीत, असे विश्वस्तांनी पत्रात लिहिले होते.

दोन. माझे चार वस्तरे, सहा कातऱ्या, वस्तरा परजण्याचा चामडी पट्टा व पितळी वाट्या डेल्फिना ओर्तेगा हिला द्याव्यात. कोंबड्या कापून मांस पाठवणाऱ्या कारखान्याजवळ ती बायकांचे केस कापते. वस्तरे तिला लागणार नाहीत, पण ती हत्यारे गंजू देणार नाही. एकदा तिने मला विचारले, "मिस्टर प्रुएट, कारखान्याच्या आधी या गावात काय होतं?" मी तिला दोन तास सांगत बसलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे जे काय होतं ते शनिवारीच होतं."  

तीन. लेमार टिडवेल याच्यासाठी काही ठेवता येत नाही, कारण तो गेल्या वर्षी मार्चमध्ये वारला. तरी त्याचे नाव या कागदात यायला हवे.

लेमार वेदरबीचा. तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचा. वेदरबी इथून एकशे दहा मैलांवर; त्यांचेही कॉलेज, त्यांचाही संघ, आणि दर नोव्हेंबरात त्यांचा-आमचा सामना. १९८३ साली तो सामन्यासाठी आला आणि दाढी करायला माझ्या खुर्चीत बसला. वस्तरा गळ्यावर असताना हा माणूस म्हणाला, "गाव छोटं आहे तुमचं, पण माणसं बरी आहेत."

मी म्हणालो, "हलू नका. आणि छोटं कोणाला म्हणता?"

त्या दिवशी बाकावर बक हॅनी बसला होता. गावच्या रेडिओवर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता त्याचा कार्यक्रम असे. आमची जुंपलेली ऐकून त्याने आम्हा दोघांनाही कार्यक्रमात घेतले. मी स्टुडिओत, लेमार फोनवर. कॉल्टन भारी की वेदरबी. पुढची सव्वीस वर्षे, हंगामातल्या प्रत्येक शुक्रवारी.

"आमच्याकडे पुस्तकांची तीन दुकानं आहेत, हॉलिस."

"तिन्हींत मिळून गिऱ्हाइकं किती? पुस्तक वाचायला शांतता लागते, लेमार, आणि गावात शांतता कधी असते? संघ हरला की."

"नदी आहे. संध्याकाळी माणसं काठाकाठाने फिरायला जातात."

"जातील नाहीतर काय करतील? बसून खावं असं काही मिळत नाही तिथे."

"तुमच्या चौकात एक तोफ आहे. तिच्यावर कबुतरं बसतात. एवढंच."

"कबुतरांना कळतं रे बाबा, कुठे बसावं."

लोक काम टाकून ऐकत. दुकानात सोमवारी आल्या आल्या विचारत, "काय हॉलिस, शुक्रवारी धुतलास ना मास्तरला?" शपथेवर नोंदवतो की या सगळ्या काळात मी वेदरबीला एकदाही गेलो नव्हतो. शनिवार म्हणजे धंद्याचा दिवस, दुकान टाकून जाणार कसा. नदी, ओकची झाडे, पुस्तकांची दुकाने, सगळ्यांची टिंगल मी न बघताच केली.

चार. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात एक ध्वनिफीत आहे. तारीख १४ नोव्हेंबर १९९७. ती कोणीही न ऐकता जाळावी. कारण इथेच लिहितो, म्हणजे कोणाला ऐकायची इच्छा उरणार नाही.

त्या संध्याकाळी लेमार मला भारी पडत होता. त्याने आकडे आणले होते. कोणत्या गावात शिकलेली मुले पुढे कुठे पोचली, याचे. बक हॅनी हसत होता. मला घाम फुटला होता. आणि मी बोलून गेलो, "आकडे ठेव तुझ्याजवळ. माझी मुलगी कोरिन. तुमच्या वेदरबीने तिला स्वतःहून बोलावलंय, जनावरांची डॉक्टर व्हायला, फीसुद्धा माफ. तरी ती कॉल्टनलाच शिकणार आहे. आता बोल."

 फितीत पुढे लेमारचा आवाज येतो, "मग हरलो मी, हॉलिस."

खरे असे होते की वेदरबीचे ते पत्र मला आठ दिवसांपूर्वी स्वयंपाकघरातल्या खणात, चाकूच्या खाली दिसले होते. मला कोणी दाखवले नव्हते. लपवले आहे म्हणजे तिला जायचे नसणार, असे मी धरून चाललो. माझ्या मुलीला कॉल्टन सोडावेसे वाटेल हे माझ्या डोक्यात येणे शक्य नव्हते. मी तिला विचारले नाही.

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. आईबरोबर स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सामन्याला जाताना बँड आमच्या दुकानासमोर थांबला आणि त्यांनी तिच्या नावाने एक धून वाजवली. रस्ताभर माणसांनी टोप्या हलवल्या. ती दारात उभी राहून हसली, हातही हलवला. तो सामना आम्ही जिंकलो.

सोमवारी लेमारचा दुकानात फोन आला. "पोरीला विचारलं होतंस का रे?"

"विचारायचं काय त्यात?"

"अजून वेळ आहे. विचार."

"हरलास की असं बोलतोस तू," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

बक हॅनी ही फीत दर नोव्हेंबरात पुन्हा लावत असे. सर्वांत गाजलेला भाग म्हणून. बारा वर्षे कोरिनने ती दर नोव्हेंबरात ऐकली, कारण ती जिथे असेल तिथे रेडिओ चालूच असे. बकला माझ्याकडून काही नाही. तसा दोष त्याचा नव्हता.

पाच. माझी पत्नी आर्डिथ हिचे शिवणयंत्र व चिनीमातीची भांडी कोरिनची आहेतच. आर्डिथने जाताना तिला सांगितले होते. त्या शुक्रवारनंतर आर्डिथने माझा कार्यक्रम कधी लावला नाही. भांडली नाही. शुक्रवारी पाच वाजत आले की ती परसात जाऊन धुणे काढायची, पाऊस असला तरी. मी एकदा स्टुडिओला निघताना म्हणालो, "अगं, ओले कपडे कशाला काढतेस?" ती म्हणाली, "तुझं होऊ दे आधी, मग येईन घरात." एवढेच.

सहा. बँकेत जे असेल ते व माझी गाडी माझी एकुलती एक मुलगी कोरिन एलेन प्रुएट हिला द्यावी.

कोरिन कॉल्टनच्या कॉलेजात शिकली. जनावरांचे शास्त्र आमच्याकडे नव्हते, म्हणून शिक्षिका होण्याचा अभ्यास केला. शाळेत लागली. कॉलेज गेले तशी माणसे गेली, मुले कमी झाली, शाळाही बंद झाली. आता ती कोंबड्यांच्या कारखान्यात वजनाच्या काट्यावर बसते. लग्न केले नाही. दर रविवारी दुपारी येते, माझ्या गोळ्या डबीत भरते, जेवण करून ठेवते. कधी उशिरा आली नाही, कधी आवाज चढवला नाही. एखादा शब्द तरी बोलली असती तर मला काही उत्तर देता आले असते.

सात. मला आर्डिथशेजारी पुरावे. प्रार्थना छोटी असावी. बँड नको, आणि आता तो मिळणारही नाही.

लेमारच्या अंत्यविधीविषयी इथेच लिहितो. विनोना, त्याची बायको, हिचा फोन आला तेव्हा मला गाडी चालवण्याएवढा श्वास नव्हता. कोरिनने कारखान्यातून सुट्टी घेतली. एकशे दहा मैल आम्ही हवापाण्याचे बोललो. वेदरबीत शिरल्यावर मी रस्ता विचारायला काच खाली घेऊ लागलो, तर ती म्हणाली, "नको बाबा, माहीत आहे मला. पुलावरून डावीकडे."

"तुला कसं माहीत?"

"आले होते एकदा. आईबरोबर. त्या ऑक्टोबरात." तिचे लक्ष रस्त्यावर होते. "तुला मावशीकडे जातो म्हणून सांगितलं होतं. खोली बघून ठेवली होती मी. खिडकीतून नदी दिसायची. आई म्हणाली, सामना होऊन जाऊ दे, जिंकले तर खुशीत असेल तो, मग सांगू."

मी काच पुन्हा वर केली. 

गाव लेमार सांगायचा तसेच होते. त्याने काही वाढवून सांगितले नव्हते. नदी होती, काठाने माणसे चालत होती. पुस्तकांच्या तीन दुकानांपैकी दोन चालू होती. मुले सायकलींवरून जात होती, पाठीवर दप्तरे, मोठ्याने हसत. नदीकडे खिडक्या असलेल्या एका इमारतीपुढे कोरिनने गाडीचा वेग कमी केला. थांबवली नाही.

चर्चबाहेर विनोना माझा हात धरून म्हणाली, "लेमार तुम्हाला घरी बोलवायचं कायम टाळायचा. म्हणायचा, हॉलिसने एकदा हे गाव पाहिलं की वाद संपेल, आणि मग शुक्रवारी मी करू काय."

आठ. राहते घर, सर्व सामानासह, कोरिनचे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. मागच्या खोलीचे छप्पर गळते. घेणारा मिळणे कठीण आहे. या रस्त्यावरची पाच घरे तीन वर्षे विकायची पाटी लावून आहेत.

वरील कलमातली एक ओळ खोडलेली आहे. ती मीच खोडली आहे, म्हणून तिच्याविषयी खुलासा करतो. मी लिहिले होते की कोरिनने हे घर मिळेल त्या किमतीला विकावे, कॉल्टन सोडावे, आणि वेदरबीत किंवा तशाच एखाद्या चांगल्या गावी जाऊन राहावे. मसुदा मी गेल्या रविवारी तिच्यापुढे ठेवला. मला वाटले होते, ही ओळ वाचून ती रडेल, किंवा निदान माझ्याकडे बघेल.

तिने गोळ्यांची डबी बाजूला ठेवून सगळे पान वाचले, फितीचे कलमसुद्धा. मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "एवढं काढ, बाबा."

मी म्हणालो, "अगं, तुझ्या भल्यासाठीच लिहिलंय. काय राहिलंय इथे?"

"काही नाही राहिलं. मलाही दिसतं ते."

"मग जा ना. अजून त्रेचाळीसचीच तर आहेस."

"जाईन, नाहीतर नाही जाणार," ती म्हणाली. "पण मी कुठे राहायचं ते पुन्हा तू जाहीर करू नकोस."

आवाज नेहमीसारखाच होता. मी पेन शोधू लागलो, तर तिनेच तिच्या खिशातले काढून दिले आणि खोडून होईपर्यंत टेबलाशी उभी राहिली. मग तिने डबीत मंगळवारच्या गोळ्या भरल्या.

याखेरीज या कागदात कुठेही खाडाखोड नाही. लिहिले आहे ते वाचून पाहिले आणि बरोबर आहे.

ठिकाण: कॉल्टन, अलाबामा
दिनांक: मंगळवार, १७ ऑक्टोबर २०२३

(सही) हॉलिस एम्ब्री प्रुएट

आम्ही खाली सही करणारे, हॉलिस प्रुएट यांनी आमच्या देखत सही केली, व आठव्या कलमातली ओळ आधीच खोडलेली होती, असे लिहून देतो. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही ठेवलेले नाही.

साक्षीदार १: (सही) यूलिस ग्रीअर, टपाल वाटप, कॉल्टन
साक्षीदार २: (सही) थेडा मॅकॉल, निवृत्त ग्रंथपाल, कॉल्टन