लिफ्ट पाहून निवडलेली मॅच

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने दगा दिल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पोचला असं धरून चाल.) इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत असं पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं, म्हणून लिहिलं. तुझी तब्येत कशी आहे? डोक्यावर केस राहिलेत का? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तुझा फोन सात वेळा वाजतो आणि बंद होतो, हे मी गेली अकरा वर्षं अधूनमधून तपासत असतो. तुझा पत्ता तुझ्या जुन्या कारखान्यातल्या वेल्डरकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, तो सांगत नव्हता; मी त्याच्या दारात दोन तास ठाण मांडून बसलो होतो.

विषय फुटबॉलचा आहे. (थांब, पत्र फाडू नकोस.) तू आणि बाबा शेवटचं बोललात ते एका पेनल्टीवरून. बाबा म्हणाले ती पेनल्टी नव्हती, तू म्हणालास होती, आणि सकाळी तू बॅग भरून चालता झालास. आदल्या संध्याकाळी, पेनल्टीच्या आधीच, तू लिफ्टदुरुस्तीचं काम सोडतो म्हणाला होतास, हे आमच्याकडे कोणी तोंडातून काढत नाही. कुणी विचारलंच तर पेनल्टी पुढे करतात. तर यंदा ती जागतिक स्पर्धा आपल्याच देशात आहे. बाबांची फुफ्फुसं आता निम्मीशिम्मी चालतात, नाकात दिवसभर ऑक्सिजनची नळी असते. अशा अवस्थेत त्यांनी जाहीर केलं की एक मॅच मैदानात बसून बघायची. जन्मभर टीव्हीवर बघितलं, पण मैदानावरच्या गवताला वास कसा येतो ते काही कळलं नाही, असं म्हणाले. नळी लावून वास येतो का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तिकिटं मोबाइलवर, ठरल्या दिवशी दुपारी बारा वाजता. बारा वाजून एक मिनिटाने माझ्या पुढे एक लाख ब्याऐंशी हजार माणसं होती. मी फोन खिशात टाकून कामाला गेलो. (कंपनी तीच, बाबांचीच. तू टाकून गेलेली पान्ह्यांची पेटी मीच वापरतो.) साडेतीनच्या सुमारास एका इमारतीत लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आत एक वकीलबाई आणि त्यांचे अशील. मी दरवाजा चार बोटं उघडतो न उघडतो तोच खिशात फोन थरथरला. माझा नंबर लागला होता, आणि फॉर्म भरायला दहा मिनिटं होती. दादा, अडकलेला माणूस आधी आणि बाकी सगळं नंतर, हे बाबांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. मी फटीतून "दोन मिनिटं" म्हणालो आणि फॉर्म भरायला लागलो. तिकिटं संपलेली होती. हे मी त्या फटीतूनच आत सांगितलं, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं. आजारी बापाचंही सांगून टाकलं. बाई आतून थंडपणे म्हणाल्या, "व्हीलचेअरवाल्यांची तिकिटं वेगळी असतात. त्यांचा फॉर्म कुठे मिळतो ते बाहेर आल्यावर सांगते." मी त्यांना चाळीस सेकंदांत बाहेर काढलं. त्यांनी कबूल केल्याप्रमाणे फॉर्म दाखवला आणि लगेच खाली जाऊन माझी लेखी तक्रारही केली. दोन्ही कामं चोख झाली.

तो फॉर्म बाबांनी ताब्यात घेतला. तुला वाटेल, संघ बघितले असतील, खेळाडू बघितले असतील. छे. फॉर्मसोबत प्रत्येक स्टेडियममधल्या उताराच्या वाटा, दरवाजे आणि लिफ्ट यांची माहिती होती. बाबा चष्मा लावून आठ दिवस फक्त लिफ्ट वाचत होते. फायनलचं स्टेडियम पहिल्याच दिवशी बाद झालं, तिथली लिफ्ट काचेची आहे. (काचेच्या लिफ्टमधून जाणं म्हणजे टॉवेल गुंडाळून वरातीत जाणं, असं त्यांचं मत आहे.) दुसरं गेलं, कारण तिथली दोरावर नव्हे, तेलाच्या दाबावर चालते. तिसऱ्याला त्यांनी माझ्याकडून चिठ्ठी लिहवून घेतली की दोर शेवटचे कधी बदलले ते कळवावं. तिकडून आभाराचं पत्र आणि एका टोपीचं चित्र आलं. शेवटी सगळ्यांत लहान, सगळ्यांत लांबचं स्टेडियम त्यांना पसंत पडलं. तिथे खेळणाऱ्या दोन देशांनी गेल्या तीन स्पर्धांत मिळून एक गोल केला आहे, तोही स्वतःवरच. ती मॅच बघायला कोणी जात नसल्यामुळे आम्हाला तिकिटं चटकन मिळाली. बाबांना मात्र जग जिंकल्यासारखं झालं. लिफ्ट त्यांच्याच कंपनीची आहे म्हणे.

मग तयारी. एक सिलिंडर चार तास पुरतो. जायला सहा तास, यायला सहा, मॅच दोन तास, आणि पंचाने जास्तीचा वेळ दिला तर किती, असा हिशेब बाबा पाटीवर मांडत असत. स्टेडियमच्या नियमांत कोणत्याही प्रकारची बाटली आत आणू नये असं आहे, म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर ही बाटली नव्हे असा दाखला डॉक्टरांकडून घेतला. ते लिहिताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग रंगीत तालीम. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्ट चालत्या ठेवणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, हे तुला आठवत असेलच. मी आणि शेजारचा सुतार, दोघांनी खुर्चीसकट त्यांना खाली उतरवायला घेतलं. दुसऱ्या मजल्यावर त्यांचे ओठ निळे पडले. तशाही अवस्थेत ते सुताराला सांगत होते, "पाय आडवा टाक, वजन भिंतीकडे घे." आम्ही त्यांना परत वर आणलं. डॉक्टर आले, तपासलं, आणि जाताना मला जिन्यात गाठून पाच-सात मिनिटं बोलले. काय म्हणाले, असं बाबांनी विचारलं. मी म्हणालो, त्यांच्या दवाखान्याची लिफ्ट आवाज करते, ते विचारत होते. बाबा म्हणाले, तेल घालू नका म्हणावं, आधी रूळ पुसा.

गेल्या सोमवारी तिकिटं आली. दोन. एक व्हीलचेअरचं, त्यावर बाबांचं नाव. दुसरं साथीदाराचं, म्हणजे जो खुर्ची ढकलतो, सिलिंडर बदलतो, लघवीला नेतो. दादा, त्यावर तुझं नाव आहे.

मी चहा करायला आत गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहिलं. स्पेलिंगही बरोबर लिहिलं आहे. मला राग आला. अजून आहे. नऊ वर्षं मी त्यांची पाठ पुसतो, नखं कापतो, त्यांच्या खोकल्यावरून कुठली गोळी हवी ते ओळखतो, आणि मैदानात शेजारी कोण, तर पेनल्टीवरून घर सोडणारा. मी तसं त्यांना तोंडावर विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "तू तर रोज असतोस." बायको म्हणते, यात तुमचा मान आहे, समजून घ्या. मी समजून घेतो आहे, त्याला जरा वेळ लागेल. नाव पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत बदलता येतं. मी अजून बदललेलं नाही.

तुझ्याकडे वडीलधारं कोणी असेल तर नमस्कार, लहान असेल तर आशीर्वाद. कोण आहे हे आम्हाला कोणी कळवलंच नाही, त्यामुळे तूच वाटणी कर.

तुझा,
धाकटा

ता. क. आलास तर पेनल्टीचा विषय काढू नकोस. त्यांनी काढला तर नव्हती म्हण. अकरा वर्षांत तेवढं शिकला असशील.

ता. क. दुसरं. मॅचला पाच महिने आहेत. डॉक्टर जिन्यात म्हणाले, दोन. तेही छातीत कफ झाला नाही तर. बाबांना मी सांगितलेलं नाही. ते अजून पाटीवर सिलिंडर मोजतात आणि मी बेरीज बरोबर आहे म्हणतो. तेव्हा तुला रजा काढावी लागणार नाही, खुर्ची ढकलावी लागणार नाही. फक्त "साथीदार म्हणून येतो" एवढं एका कार्डावर लिहून टाक, तुझ्या हाताने, मोठ्या अक्षरात. पोस्टमन यायच्या वेळेला ते खुर्ची दाराकडे वळवून घेतात. खोटं लिहिलंस तरी चालेल, मी त्यात तुझ्या बाजूने आहे. तुला पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

ता. क. तिसरं. आणि खरंच यायचं मनात असेल, तर मॅचपर्यंत थांबू नकोस. कार्डही टाकत बसू नकोस. नुसता ये.