उतारावर लावलेली लॉरी

अहो, ऐकताय ना?

आज भर दुपारी आपली लॉरी सुरू झाली. परदेशीपुऱ्याहून कापडाच्या गाठी घेऊन आली, इंजिन नुसतं तापलं होतं. नव्या ड्रायव्हरने बंद केली, पुन्हा सेल्फ दाबला आणि लगेच घुरघुरली! शेजारपाजारचे खूश झाले. मी आत जाऊन दार लावून घेतलं. इतका राग आला तुमचा! तो दुसऱ्या कुणाला सांगणार? म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

संस्थान गेलं, मध्यभारत झालं आणि तुमची मोटारखान्यातली नोकरी गेली. मग तुम्ही लष्कराने मोडीत काढलेली ही लॉरी घेतलीत. सकाळी गार असताना शहाण्यासारखी सुरू व्हायची. एकदा तापून बंद पडली की मात्र हूं की चूं नाही. बॅटरीही भरायची नाही. तुम्ही बॅटरी बदललीत. डायनॅमो तर कितीदा उघडलात! त्याचे तुकडे माझ्या पोळपाटावर मांडून बसायचात, आणि पोळ्या कशावर लाटू हे विचारायची सोय नव्हती.

मिस्त्रीला दाखवा म्हटलं तर, "मी महाराजांच्या मोटारी सांभाळल्यात, मला कोण शिकवणार?" बरं, मग हमालांना धक्का मारायला सांगा. तेही नाही. "आपल्या घराण्यात कुणी कुणापुढे हात पसरले नाहीत." घराण्यात लॉरी तरी कुणाकडे होती हो? घोडे होते!

म्हणून उतार. जाल तिथे लॉरी उतारावर लावायची, चाकाला दगड द्यायचा, आणि निघताना स्वतःच दगड काढून, पळत आत चढून, ती घरंगळत सुरू करायची. हातब्रेक धरत नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? त्या दिवशी गोदामापाशी दगड ओढलात आणि लॉरी तुमच्या अंगावरून गेली. हमाल तिथेच बिड्या ओढत बसले होते. नुसती हाक मारायची होती!

तेरावं झाल्यावर तुमचे दादा म्हणाले, "गाडी अपशकुनी आहे, भंगारात देऊन टाक. तू चल तुकोगंजात आमच्याकडे. हिलाही स्वयंपाकात तेवढाच हातभार." म्हणजे उरलेला जन्म जाऊबाईंच्या चुलीपाशी!

मी माणसं लावून लॉरी ढकलत मिस्त्रीकडे नेली. तो खाली शिरला आणि काळे हात पुसत म्हणाला, "भाभीजी, भिया ने सब बदल डाला, बस ये पट्टी नी देखी." इंजिनापासून सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी, तेवढी एकच तुम्ही पाहिली नव्हतीत. गंजून नावापुरती लटकत होती, तापली की तिच्यातून वीजच पुरी जाईना. तिच्यामुळे सेल्फला जोर नाही, तिच्यामुळेच बॅटरीला चार्जिंग नाही. एवढ्याशा पट्टीपायी माझं कपाळ पांढरं झालं? छे, पट्टीपायी कसलं! तुमच्या ताठ्यापायी.

लोक म्हणतात, माणूस मोठा स्वाभिमानी होता. मी मान डोलावते. दुसरं काय करू?

दादांना नाही म्हणून कळवलं आहे. तुमचा फोटो भिंतीवर आहे, त्याला रोज हार घालते, त्यात कसूर होणार नाही. ड्रायव्हर ठेवला आहे, लॉरी आता माझ्या नावाने चालेल. वचन देते, ती सपाट जागेवरच उभी राहील. अडलीच, तर मी भर रस्त्यात पदर खोचून माणसं गोळा करीन आणि त्यांच्या बरोबरीने ढकलीन.

तुम्हाला माफ करीन, एवढं वचन मात्र मागू नका.

तुमचीच,
मालती