खोटा ठरवलेला निरोप

अण्णा, तुमच्या नातीला शाळेत एका इंग्रज राजपुत्रावर प्रोजेक्ट करायचाय. काल इथे कुवेतमध्ये, सालमियातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिने त्याचं सगळं खानदान चार्टपेपरवर मांडलं. बाप राजा, आई बापाच्याच कैदेत, भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि मधे हा वारस. बाप जिवंत असतानाच याच्या डोक्यावर मुकुट चढवला, पण वीतभर जमीन काही हाती दिली नाही. मी चित्रांना गोंद लावतोय आणि मला तुमचा आठवीचा वर्ग दिसतोय. पुस्तकात नसलेला हाच राजपुत्र तुम्ही पोर्शन संपल्यावर आम्हाला सांगितला होता. बापाविरुद्ध दोनदा उठला, दुसऱ्या खेपेला हगवणीने आडवा पडला, माफ करा, एकदा भेटायला या, असा निरोप धाडला. बापाला वाटलं, हा डाव आहे. तो गेला नाही, अंगठी पाठवली. पोरगं ती अंगठी ओठांना लावून मेलं.

मी उभा राहून म्हणालो, "सर, राजाचं बरोबर होतं. आधी फसवलेलं ना त्याला!" शाळेत तुम्हाला सरच म्हणायचो. तुम्ही खडू फेकून मारलात. "अरे गाढवा, खरं-खोटं मागून बघता येतं. आधी निघायचं असतं!" सगळा वर्ग हसला. मला तुमचा असा राग आला होता की घरी दोन दिवस बोललो नाही.

मग कुवेत. अब्बासियातल्या खोलीत आम्ही सहा जण, सगळे दवाखान्यांत लॅब नाहीतर एक्स-रेवाले. दोन वर्षांआधी सुट्टी मिळायची नाही, म्हणून प्रत्येकाचा बाप एकदा तरी सिरियस व्हायचा. मुलगी बघायला यायचं होतं तेव्हा मीही तुम्हाला सिरियस केलं. कुणाला उगाच एक मार्क वाढवून न दिलेले तुम्ही, कुरकुरत ओळखीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणलंत आणि फॅक्स केलंत. मी घरी पोचलो तर तुम्ही स्वयंपाकघरात, गॅसवर माझ्यासाठी वांगं भाजताय. "बघ लेका, सिरियस पेशंट भरीत करतोय." किती हसलो होतो आपण, अण्णा.

त्यानंतर तीन वर्षांनी दादाचा फोन आला. अण्णा सिरियस आहेत, लगेच नीघ. मी म्हणालो, "आता काय काढलंय? वाटणीच्या कागदावर सही पाहिजे का?" दादाने फोन तुमच्या तोंडाशी धरला. तुम्ही एवढंच म्हणालात, "ये." मी म्हणालो, बघतो. आणि गावाकडे निघालेल्या एकाच्या हाती बीपीचं मशीन पाठवून दिलं. ते पोचलं त्या दिवशी दादा तुमच्या अस्थी गोळा करून नुकता घरी आला होता. त्या राजाची अंगठी निदान वेळेत तरी पोचली.

"बाबा, व्हाय डिडन्ट ही जस्ट गो?" लेकीने विचारलं. मी म्हणालो, "त्याला खोटं वाटलं गं." "पुअर किंग," ती म्हणाली आणि राजाचं चित्र चिकटवायला लागली. माझीही सगळ्यांनी अशीच कीव केली. आई, दादा, माझी बायको. तुझा काय दोष, आधी तसं घडलं होतं ना, तुला कसं कळणार? सोळा वर्षं मी मान खाली घालून ते ऐकून घेतोय. आता जीव नकोसा होतो.

हे पत्र दादाला दाखवायची हिंमत नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचणार कसं? म्हणून लिहितो. तुमचं "ये" ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं, हे खरं आहे. पण त्याच आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलात माझी मुलाखत होती. हे घर, लेकीची शाळा, सगळं त्याच नोकरीवर उभं राहिलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं, घरी वडील कसे आहेत, मधेच सुट्टी मागणार नाही ना? मी म्हणालो, वडील एकदम ठणठणीत आहेत.